शालनचा फोटो

“दाजी, अक्काचा एखादा चांगला फोटो द्या. पेपरात द्यायचाय. दुपारपर्यंतच घेतात ते.”

माझा मेहुणा दिनकर हे म्हणाला तेव्हा शालन अजून बाहेरच्या खोलीत होती. पहाटे दूध तापवायला उठली, ओट्याला टेकून खाली बसली, आणि शेजारचे डॉक्टर चपला घालून येईपर्यंत सगळं संपलं होतं. घरात बायका जमल्या होत्या. मुलगी विद्या नाशिकहून निघाली होती. ती बार्शीला पोचल्यावरच उचलायचं ठरलं होतं. मला काही सुचत नव्हतं. कुणी काम सांगितलं की बरं वाटत होतं. फोटो शोधणं तर सोपंच काम.

कपाटातून अल्बम काढला. आमच्या लग्नाचा. शालन एकोणीस वर्षांची, मुंडावळ्या बांधलेली, मान खाली घातलेली. दिनकरनं तो उलटापालटा करून बघितला.

“दाजी, हा देऊन कसं चालेल? लोक विचारतील, नवी नवरी कोण वारली म्हणून.”

“मग तुझ्याकडचा दे. तुझ्या पोरीच्या लग्नात काढले की एवढे.”

“होते. अक्कानं दिवाळीत घरी येऊन काढून टाकायला लावले. माझ्या शेजारी उभी राहिली, सगळे पुसून झाल्यावरच चहाला हात लावला. तुम्हाला माहीत नाही होय?”

मला माहीत होतं. पण त्याचा असा अर्थ होईल हे ध्यानात आलं नव्हतं.

“फोनमध्ये असतील की तिच्या,” दिनकर म्हणाला.

फोन फ्रिजवर होता. मी उचलला तर त्यानं सहा आकडे मागितले. मी माझी जन्मतारीख घातली. नाही. विद्याची घातली. नाही. लग्नाची तारीख घातली, तरी नाही.

“हल्ली बोट लावून उघडतात हो,” दिनकर म्हणाला. मग त्याचं लक्ष बाहेरच्या खोलीकडे गेलं.

मी फोन घेऊन बाहेर गेलो. बायका बाजूला सरकल्या. त्यांना वाटलं मला जवळ बसायचंय. मी शालनचा उजवा अंगठा धरून फोनवर टेकवला. मग डावा. फोननं पुन्हा आकडेच मागितले. तेव्हा मला आठवलं. अंगठ्याची सोय तिनं शिबिरातून आल्या आल्या काढून टाकली होती. “झोपेत कुणीही माझं बोट धरून फोन उघडेल,” असं म्हणाली होती. मी म्हटलं होतं, “कुणीही म्हणजे कोण? घरात मी एकटा आहे.” त्यावर म्हणाली, “मग तुम्हीच.”

तिचा हात हातात धरून मी तसाच बसलो. माणूस जाऊन चार तास झाले होते आणि मला तिचा राग आला होता. खरा, डोक्यात जाणारा राग. तिचं घरात असणं संपलं हे मला पहाटे कळलं होतं. तिचा चेहराही घरात उरलेला नाही हे तेव्हा कळलं.

पेपरात बातमी फोटोशिवाय आली. चौकटीत त्यांनी समई छापली.

*

त्या शिबिराबद्दल सांगायला हवं. महिला मंडळात निकम बाईंनी फोन कसा जपून वापरायचा याचं शिबिर घेतलं होतं. निकम बाई इथल्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेल्या. शालन आठवडाभर दुपारची जेवणं उरकून तिकडे जायची आणि आल्यावर मला शिकवायची.

मी वीज मंडळात वायरमन होतो. खांबावर चढताना खालची लाइन बंद आहे ना हे दोनदा बघणारा माणूस. सावधगिरी मला नवीन नव्हती. पण घरात असली सावधगिरी मी पाहिली नव्हती.

“तुमच्या फोनचा नंबर काय ठेवलाय?”

“एक दोन तीन चार.”

“त्यापेक्षा दारात ठेवून द्या ना फोन. वर पाटी लावा, घेऊन जा म्हणून.”

“माझ्या फोनमध्ये कोण काय बघणार? पेन्शनचा मेसेज आणि तुझ्या भावाचे सुप्रभात.”

“पेन्शनचा मेसेज बघायलाच येतात लोक. कुणी बँकेतून बोलतोय म्हणाला तर काय करायचं?”

“नमस्कार म्हणायचं.”

“फोन ठेवायचा! आलेला आकडा कुणाला सांगायचा नाही. साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप. लिंक आली तर दाबायची नाही. लाइट बिल थकलंय, आज रात्री वीज तोडू, असा मेसेज आला तर?”

“शालन, मी वीज मंडळात होतो.”

“म्हणून तर तुम्ही आधी फसाल.”

फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर तिनं पांढरी पट्टी चिकटवली होती, जखमेवर लावायची. आधार कार्डाची झेरॉक्स कुठं द्यायची झाली तर त्यावर आडवं लिहायची, ‘फक्त गॅस जोडणीसाठी’, आणि खाली सही आणि तारीख. ते आडवं लिहिणं नेमकं तोंडावरून जायचं. गॅसवाल्या पोरीनं विचारलं, “काकू, यात तुमचं तोंड कुठंय?” तर म्हणाली, “तोंड दाखवायला मी स्वतः आलीय ना?”

आणि फोटो. कुणी फोन वर केला की ही पदर तोंडावर घ्यायची नाहीतर उठून आत जायची. नातेवाइकांच्या घरी जाऊन जुने फोटो काढून टाकायला लावायची. कुणी हसलं, कुणी चिडलं. दिनकरची बायको म्हणाली होती, “अक्का, तुमचा फोटो चोरून कोण काय करणार? वय बघा आपलं.” शालन तिला काहीच बोलली नाही. एरवी ती कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हती.

मी मात्र रोज बोलायचो. तिचं नाव मी ‘फौजदार’ ठेवलं होतं.

*

विद्या आली, रडली, सगळं पार पडलं. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून आल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “अण्णा, तेराव्यापर्यंत मला आईचा फोटो पाहिजे. मोठा, फ्रेम केलेला. पाटावर फोटो नसला तर तेरावा कसला?”

“फोन उघडत नाही.”

“उघडून आणू.”

विद्या माझ्यासारखी नाही. एकदा धरलं की सोडत नाही. आम्ही आधी शालनच्या नंबरच्या कंपनीच्या दुकानात गेलो. विद्याचं म्हणणं असं की आईच्या नंबराचं नवीन सिम मिळालं, की त्यावर आकडा मागवायचा आणि तिचं खातं दुसऱ्या फोनवर उघडायचं. फोटो खात्यात साठलेले असतात म्हणे.

काउंटरवरच्या बाईनं विचारलं, “सिम कुणाच्या नावावर आहे?”

“आईच्या.”

“त्यांना घेऊन या. त्यांचा अंगठा लागेल.”

“आई वारली.”

“अरेरे. मग मृत्यूचा दाखला आणा.”

“तो आणला की सिम मिळेल?”

“नाही. तो आणला की नंबर बंद करता येईल.”

“मला बंद नाही करायचा हो! मला चालू पाहिजे.”

“मॅडम, व्यक्तीच नाही तर चालू कसा राहील?” ती बाई शांतपणे म्हणाली. “उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, मी यांची मुलगी.”

“मी मुलगीच आहे!”

“तेच म्हणतेय मी.”

बाहेर आल्यावर विद्या म्हणाली, “आईच बोलल्यासारखी वाटली मला ती.” हसावं का रडावं मला कळेना.

मग जुन्या सिमचाच विचार आला. मी पिन घालून ते काढलं आणि माझ्या फोनमध्ये घातलं. लगेच नंबर मागितला. फोनला एक कुलूप, आतल्या सिमला दुसरं. विद्यानं कपाळावर हात मारला. “हे कोण करतं? अण्णा, हे जगात कोण करतं?”

स्टँडसमोर मुजावरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जुना माणूस, त्याच्या घरचं वायरिंग मी केलेलं. त्यानं फोन हातात घेतला, पट्टी बघितली आणि म्हणाला, “वहिनींचा ना? मागं इथं आल्या होत्या. माझ्या दुकानात बसून मलाच विचारत होत्या, दुरुस्तीला आलेल्या फोनमधले फोटो तुम्ही बघता का म्हणून.”

“मग?”

“मी म्हटलं, वहिनी, मला माझ्या घरचे बघायला वेळ नाही. तरी फोन काही ठेवून गेल्या नाहीत. दुरुस्ती होईपर्यंत समोर स्टुलावर बसून राहिल्या.”

“उघडेल का?”

“उघडून देतो. पण आत काही राहणार नाही. कोरा होईल. आणि आणखी नंबर लावत बसू नका. फार वेळा चुकलं की सगळं आपोआप पुसायचं, अशी एक सोय असते. वहिनींनी ती चालू केली असली तर...”

“केलीच असणार,” विद्या आणि मी एकदमच म्हणालो.

आम्ही फोन परत घेऊन आलो.

*

शेवटी आधार कार्ड उरलं. स्टुडिओवाल्यानं त्यावरचा बोटाच्या नखाएवढा फोटो मोठा करून दिला. फ्रेमसुद्धा छान केली, सोनेरी काठाची. घरी आणून कागद काढला आणि आम्ही दोघं बघत बसलो. डोळे ताणलेले, ओठ घट्ट मिटलेले, चेहऱ्यावर सगळीकडे बारीक चौकोन. कुठल्यातरी गुन्ह्यात सापडलेली बाई वाटत होती.

“ही आई नाही,” विद्या म्हणाली आणि फ्रेम पालथी ठेवली.

“अगं, दुसरा नाही तर—”

“माझ्याकडे होते, अण्णा! माझ्याकडे किती होते! आठवतं का, कुरडयांच्या वेळचा?”

मला आठवत होतं. शालन उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड करून विकायची. गल्लीत आणि ओळखीत जेवढं खपेल तेवढंच. विद्या एकदा सुट्टीला आली तेव्हा गच्चीवर आईचा फोटो काढला. पुढ्यात पांढऱ्याशुभ्र कुरडयांची रांग, शालन सोऱ्या हातात धरून कशाला तरी खळखळून हसतेय. विद्यानं तो नेटवर टाकला. ‘आईच्या हातच्या घरगुती कुरडया’, खाली पूर्ण नाव, बार्शी, आमची गल्ली आणि शालनचा नंबर. महिनाभर मागण्या येत होत्या. पुण्याहून, कुठून कुठून. शालन खूश होती. पुढच्या वर्षी तिनं कुरडया केल्याच नाहीत. कंबर धरते म्हणाली.

“मी तिच्यासाठी केलं होतं ते,” विद्या म्हणाली. “आणि एके दिवशी मला फोन आला. ‘माझे सगळे फोटो काढ. आत्ता काढ. फोनमधूनसुद्धा.’ का, तर सांगेना. मी म्हटलं, आई, लोक कौतुक करतायत. तर म्हणाली, ‘मला विचारल्याशिवाय तू टाकलासच कसा?’ असं बोलली माझ्याशी. मी रागानं सगळे काढून टाकले. तिच्यासमोर व्हिडिओ कॉलवर, एकेक दाखवत. आणि मग मीही बोलणं कमी केलं. वर्षभर आम्ही नीट बोललो नाही, अण्णा. तब्येत कशी आहे, बरी आहे. बस. मला वाटत राहिलं, माझ्या कुठल्याच गोष्टीचं तिला बरं वाटत नाही. आता ती गेली. आणि मी डोळे मिटले तर मला तिचा चेहरा नीट दिसत नाही.”

ती ओट्याशी जाऊन रडायला लागली. शालन जिथं बसली होती तिथंच.

मी चपला घातल्या. कुणावर तरी ओरडायचं होतं आणि घरात ओरडण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. मी थेट निकम बाईंकडे गेलो.

*

निकम बाई अंगणात वाकून कढीपत्ता तोडत होत्या. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

“बाई, तुम्ही काय शिकवलंत माझ्या बायकोला?”

“अण्णा, बसा आधी.”

“बसत नाही. आज घरात तिचा एक धड फोटो नाही. फोनला कुलूप, सिमला कुलूप, खात्याला कुलूप. मी तिचा नवरा, ती पोरगी. आम्ही काय चोर होतो? घरच्यांपासून कसली सुरक्षा हो? तुम्ही शिबिर घेतलं, टाळ्या घेतल्या, घरी गेलात. माझ्या घरातलं माणूस पुसून गेलं त्याचं काय?”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “फोनचा नंबर मला ठाऊक असेल असं वाटलं का तुम्हाला?”

“आहे का?”

“नाही. मी विचारलाही नाही, त्यांनी सांगितलाही नाही.”

“कशाला सांगेल! चेलीच तुमची.”

“अण्णा, ते शिबिर मी आपणहून घेतलं नाही. त्यांनी मला घ्यायला लावलं.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“त्यांनी मला शपथ घातली होती,” बाई म्हणाल्या. “पण आता घालणारं माणूसच नाही. आणि तुम्ही असे बोलताय ते मला ऐकवत नाही. आता तरी बसा.”

मी बसलो.

कुरडयांच्या त्या जाहिरातीवरून कुणीतरी शालनचा फोटो उचलला होता. नंबरसकट. मैत्री जुळवून देणाऱ्या कुठल्यातरी घाणेरड्या पानावर तो लावला होता. नाव दुसरंच, पण नंबर हिचा. खाली लिहिलं होतं, एकटी आहे, सोबत हवी, केव्हाही फोन करा. आणि लोक करत होते. दिवसा करत होते, जेवताना करत होते. काय काय बोलत होते ते निकम बाईंनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

“पहिल्या फोनला त्यांना वाटलं कुरडयांचं गिऱ्हाईक आहे,” बाई म्हणाल्या. “त्यांनी भाव सांगितला. तो हसायला लागला.”

मला आठवलं. त्या दिवसांत फोन वाजला की ती गच्चीवर जायची. मी एकदा खालून ओरडलो होतो, “कोण गं एवढं? कुणी मित्र काढलास का?” ती वाळत घातलेले कपडे काढत राहिली होती.

“मग एक दिवस त्या माझ्याकडे आल्या. आम्ही सोलापूरला गेलो. सायबर शाखेत तक्रार दिली. तुम्हाला सांगितलं, मंडळाची सहल आहे. दोनदा गेलो. ते पान काढून टाकलं पोलिसांनी, पण एक काढलं की दुसरीकडे दिसायचं. म्हणून त्यांनी ठरवलं, आपला फोटो कुठंच ठेवायचा नाही. मग म्हणाल्या, बाई, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! आपल्या बायकांना सांगा. म्हणून शिबिर. त्यात कुणाला कळू दिलं नाही की हे का चाललंय. सगळ्यांत पुढे बसून प्रश्न विचारायच्या.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही पक्कड घेऊन त्या माणसांच्या दारात जाल, म्हणाल्या. पत्ते नसतात हो अशा लोकांना. तुम्ही सगळ्या गावात शोधत फिरला असता आणि गावाला कळलं असतं.”

हे खरं होतं. मी तेच केलं असतं.

“आणि विद्याला? ती तर त्यातली जाणती आहे.”

निकम बाईंनी उलट मलाच विचारलं, “फोटो कुणी टाकला होता, अण्णा?”

“विद्यानं,” मी म्हटलं.

“त्या म्हणाल्या, पोरीनं माझ्या भल्यासाठी केलं. तिला कळलं तर ती आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही. रागावली तर रागावू दे. राग जातो.”

मग बाई आत गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. तक्रारीला जोडायला त्या पानाची जी छापील प्रत काढली होती, तिची जास्तीची प्रत. रंगीत होती. मी घडी उघडली.

शालन हसत होती. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या, एक बट कपाळावर आलेली, पुढचा दात किंचित वाकडा. मी आयुष्यात पाहिलेला तिचा सगळ्यात चांगला फोटो. सोऱ्या धरलेले हात कडेनं कापून टाकलेले होते. खाली परक्या बाईचं नाव होतं आणि त्या ओळी होत्या.

“खालचं कापून टाकलं तर स्टुडिओवाला छान मोठा करून देईल,” निकम बाई म्हणाल्या. “मी आजवर द्यायला धजावले नाही. पण तुम्हाला पाहिजे असेल तर घेऊन जा.”

“विद्या विचारेल, हा कुठून आला. तिनं स्वतः पुसलेला फोटो आहे. ती लगेच ओळखेल.”

“विचारेल.”

“मी म्हणेन, निकम बाईंकडे होता.”

“मग ती मला फोन करेल. मी आपणहून काही बोलणार नाही, अण्णा. पण तिनं विचारलं तर तिच्याशी खोटंही बोलणार नाही. मेलेल्या माणसाची शपथ मी एकदाच मोडली.”

मी कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. निघताना ‘बाई, मघाशी जास्त बोललो’ म्हणायचं होतं. ते राहून गेलं. त्यांनीच पिशवीभर कढीपत्ता हातात दिला.

*

तेराव्याला पाटावर फोटो नव्हता. विद्यानं आधारचा ठेवू दिला नाही. लग्नाचा ठेवायला दिनकर तयार नव्हता. शेवटी तिथं शालनचा कुंकवाचा करंडा ठेवला आणि त्याला हार घातला. जेवायला बसलेल्या बायका कुजबुजत होत्या. “एक फोटो नाही हो बाईचा!” “शिबिरानं डोकं फिरवलं होतं.” “पोरीशीसुद्धा पटत नव्हतं म्हणे.” विद्या वाढत होती. तिनं ते ऐकलं. मीही ऐकलं. कागद माझ्या खिशात होता. माझ्या जिभेवर आलं होतं. पण ज्याला सांगायला नको होतं तेच माणूस समोर भात वाढत होतं.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. रिक्षा दारात उभी होती. बॅग ठेवून ती परत आत आली.

“अण्णा, खरं सांगा. आईला माझं नेमकं काय खटकलं होतं? तुम्हाला कधी काही बोलली होती?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“तुला ती नावं ठेवत नव्हती एवढं मला ठाऊक आहे.”

“ते तुम्ही म्हणणारच.” ती थोडं हसली. “कधी फोन उघडला तर मला आधी कळवा. मला तो कुरडयांचा फोटो पाहिजे. दुसरा कुठलाही नको.”

रिक्षा गेली. मी दार लावून घेतलं.

त्याला आता सहा वर्षं होऊन गेली. शालनचा नंबर कंपनीनं कधीच दुसऱ्या कुणाला दिलाय. मी एकदा लावून बघितला, कुणी लातूरचा माणूस होता. भला वाटला. निकम बाई दर वर्षी शिबिर घेतात आणि मी खुर्च्या मांडायला जातो. माझ्या फोनला आता सहा आकडे आहेत. ते कुणाला ठाऊक नाहीत.

विद्या दर रविवारी फोन करते. वर्षश्राद्धाला येते. मागच्या वेळी म्हणाली, “अण्णा, मला आता तिचा राग येत नाही. फक्त कळलं असतं तर बरं झालं असतं.” मी म्हटलं, “हं.” आणि तिला कुरडया तळून वाढल्या, बाजारातून आणलेल्या.

शालन म्हणाली होती राग जातो. तो गेला. पण विद्याला कळायला पाहिजे की नको, हे ठरवणं शालन माझ्यावर टाकून गेली, आणि ते माझ्याच्यानं होत नाही. कागद कपाटात आहे. खालच्या ओळी मी कापून जाळल्या. फ्रेमसुद्धा आणून ठेवलीय. विद्याला मी अजून काही सांगितलेलं नाही, आणि भिंतीवर शालनचा फोटो अजून लावलेला नाही.